अंगठ्याखालची नाडी

सांगोल्याकडं मेंढरांत वाढलेल्या पोरीला मुडद्याची कसली आलीय भीती, असं मीच हॉस्टेलभर सांगत सुटले होते. नर्सिंगचं पहिलं वर्ष होतं, आणि सोलापुरातल्या एका मेडिकल कॉलेजात आम्हाला खरा मानवी देह दाखवायला नेणार होते. आबांनी निघताना बजावलं होतं, "भिऊन परत आलीस तर पुन्ना धाडनार न्हाय." त्यामुळं तोंड हसतं ठेवणं भाग होतं.

हॉलचं दार उघडलं आणि औषधाच्या उग्र वासानं डोळे चुरचुरले. टेबलावर देहदान केलेल्या एक आजी होत्या. चेहरा झाकलेला, एक हात उघडा. मनगटाच्या वर हिरवं गोंदण. तसंच गोंदण माझ्या आईच्या हातावर आहे. माझी सगळी फुशारकी तिथंच संपली.

शिकवणाऱ्या मॅडमनी नेमकं मलाच पुढं बोलावलं. मनगटातली धमनी कुठून जाते ते हात लावून दाखव, म्हणाल्या. आबा आजारी मेंढराच्या मांडीत अंगठा दाबून ठोका बघतात, तसा मी अंगठाच ठेवला. कातडी गार आणि चिवट होती. आणि अंगठ्याखाली ठोका लागला. मग दुसरा, तिसरा.

"मॅडम, नाडी लागतीय."

मागच्या पोरी एकमेकींना ढकलत दाराकडं पळाल्या. मलाही पळायचं होतं, पण मी अंगठा तसाच दाबून धरला. इतकी मी आयुष्यात कधी भ्याले नव्हते.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझा अंगठा बाजूला केला आणि तिथं माझीच तीन बोटं टेकवली. काहीच लागेना. अंगठ्यात आपली स्वतःचीच नाडी उडते, घाबरल्यावर तर जोरात, असं त्यांनी समजावलं. मग हळूच म्हणाल्या, "या आजींचं आज काही बिघडलं नाही. वॉर्डात असं केलंस तर काय होईल, त्याची भीती धर."

ती मी धरली. काही महिन्यांनी वॉर्डात अक्कलकोटकडच्या एका म्हाताऱ्या पेशंटचं मनगट माझ्या हातात होतं. आजार हाताबाहेर गेला होता, सगळ्यांना ठाऊक होतं. पायथ्याशी त्यांची बायको बसली होती.

"लागतीय न्हवं, पोरी?"

तीन बोटांखाली काही नव्हतं. अंगठा टेकवला असता तर लागलीच असती. मी तो लांब ताणून धरला आणि सिस्टरना हाक मारली.