बेबाबाईंची सुटी अक्षरं

बेबाबाईंनी शिरपूरजवळच्या शाळेत चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. भूषण त्यांचाच विद्यार्थी. पुढे त्याने धुळ्याला मराठीत एम. ए. केलं, तरी बाईंसाठी तो भुष्याच राहिला.

बाईंचे यजमान रुपचंदनाना काचबिंदूने आंधळे झाले होते. सात वर्षं ते बाईंच्या आवाजावर चालत. पुढे काय आहे ते बाई घरच्या अहिराणीत सांगत. ‘पायरी शे.’ ‘डावीकडे.’ काठी त्यांनी कधी हातात धरली नाही.

मार्चमध्ये धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाईंच्या घशातली गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. हातात आठ दिवस होते. भूषण मोबाइल घेऊन आला.

“बाई, वाक्यं बोला. मी साठवून ठेवतो.”

“कोणती? पुढे काय बोलावं लागेल ते आज मला काय ठाऊक?” बाई थांबत थांबत बोलत होत्या. “अक्षरं घे. व्यंजनं अन् स्वर. बाराखडी तू जोड. मग एम. ए. कशाला झालास?”

भूषणला ते पटलं. तीन दुपारी बाई एकेक अक्षर बोलल्या. वर्गात बोलत तसंच, स्वच्छ आणि सुटं.

ऑपरेशन झालं. भूषण लॅपटॉपवर अक्षरं जोडायला बसला. ‘प’मधला अ कापला, पुढे उ लावला. ‘पु’ झालाच नाही. आधी प फुटला, मग लांबून कुठून तरी उ आला. तो उठून आरशासमोर गेला. ‘पु’ म्हणायला ओठ मिटले, ते आधीच गोल होऊन पुढे आलेले. ‘पी’ म्हणताना मिटतानाच ताणलेले. स्वर ऐकू येण्याआधीच व्यंजनात उतरलेला असतो. बाईंनी दिलेल्या प्रत्येक व्यंजनात फक्त अ होता.

हे तो भाषाविज्ञानाच्या पेपरात शिकला होता. मार्कही चांगले पडले होते.

तरी महिनाभर घासूनपुसून त्याने एक वाक्य उभं केलं. बाईंनी ते ऐकलं. मग पाटीवर लिहिलं, ‘नानांना आधी सांगू नको. ओळखू दे.’

संध्याकाळी नाना भिंत चाचपत ओट्याकडे निघाले. उंबऱ्याशी आले तेव्हा भूषणने बटण दाबलं.

“नाना, पुढे पायरी शे.”

नाना थबकले. शर्टाची वरची दोन बटणं त्यांनी लावून घेतली.

“कोन बाई शे? मास्तरीणले भेटाले उनात का? बसा.”

भूषणने पुन्हा दाबलं. नाना जागचे हलले नाहीत. बाई पुढे झाल्या, त्यांचा हात धरला. हात नानांनी लगेच ओळखला, आणि हळूच सोडवून घेतला.

“पाहुनी बठेल शे,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “पह्यले तिले पानी दे.”

बाई पाणी आणायला आत गेल्या.