गोरख मिस्त्रींच्या बाकड्यावरचे आवाज

भोरहून भाटघरला निघालं की गाव संपता संपता गोरख मिस्त्रींचं गॅरेज लागतं. तिथे गाडी नेली तर मिस्त्री लगेच पान्याला हात लावत नाहीत. आधी मालकाला बाकड्यावर बसवतात, स्वतः समोर स्टूल ओढून बसतात आणि म्हणतात, “हं, गाडी कशी वराडती? तोंडानं वाजवा.”

आणि माणसं वाजवतात! न वाजवून सांगतात कुणाला? भोरमधल्या निम्म्या प्रतिष्ठित लोकांची प्रतिष्ठा त्या बाकड्यावर गेली आहे. कोर्टातून निवृत्त झालेले आनंदराव, ज्यांच्यापुढे वकीलही हळू बोलायचे, त्यांना मी तिथे गाल फुगवून “भुर्र फट्, भुर्र फट्” करताना पाहिलंय. सगळ्यांची समजूत एकच, मिस्त्री थट्टेखोर आहेत. माझीही तीच होती.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती आठवीत असताना, बाबांबरोबर. बाबा बँकेत होते. आमची जुनी पांढरी गाडी चढाला खोकायची, पण बाबांना चारचौघांत खोकून दाखवणं जमेना. “जरा आवाज येतो,” एवढंच ते तीनदा म्हणाले. मला राग आला. तो मला लवकर येतो, घरी कुणालाही विचारा. मी बाकड्यावर चढले आणि चढावरचा सगळा आवाज काढून दाखवला, शेवटच्या उचकीसकट. मिस्त्री हसले नाहीत.

“परत,” ते म्हणाले. “तोंड माज्याकडं कर.”

मी परत काढला. त्यांनी कार्बोरेटर उघडला, त्यातून चिमूटभर कचरा निघाला आणि गाडीचा खोकला गेला. मग ते बाबांना म्हणाले, “सायेब, हिला गाड्यांच्या कॉलेजात घाला.” बाबांनी ते हसण्यावारी नेलं. मी नेलं नाही.

मिस्त्री मूळचे हिर्डोशीचे. घरी भाताची चार खाचरं, वर नाचणी, आणि एसटी आली तर आली. पोरवयातच ते वरंधा घाटातून महाडला जाणाऱ्या जीपवर क्लीनर म्हणून लागले. घाटात जीप बंद पडली की दुसरा मिस्त्री मिळायची सोय नव्हती, म्हणून स्वतःच मिस्त्री झाले. पुढे भोरला ही शेड घातली. शेडच्या पत्र्याला एक भलंमोठं भोक आहे. ट्रकच्या चाकात हवा भरताना त्याची लोखंडी रिंग उडाली आणि मिस्त्रींच्या कानाजवळून जाऊन पत्रा फाडून गेली, त्याची ती खूण. “थोडक्यात वाचलो,” यापलीकडे ते त्याबद्दल बोलत नसत.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीत मी तिथे पडीक असायची. इतर मिस्त्री इंजिनला स्क्रू ड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावतात. गोरख मिस्त्री ते टोक दातांत धरायचे. मला वाटायचं, ही त्यांची ऐट. मोबाईलही स्वतः घेत नसत, हात तेलाचे आहेत म्हणायचे. तो घ्यायच्या त्यांच्या बायको, फुलाबाई मावशी, ज्या दुपारी भाकरी घेऊन यायच्या आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसायच्या.

मिस्त्रींनी मला पुष्कळ शिकवलं, पण एका गोष्टीवर ते हटून असायचे. चाकाचा मोठा नट मागे फिरू नये म्हणून त्याच्या आरपार एक छोटी लोखंडी पिन घालतात आणि तिची टोकं दुमडतात. “वापरल्याली पिन परत घालायची न्हाई,” ते बजावायचे. “एकदा वाकली की तिचा भरवसा न्हाई.” जुनी पिन काढली की ती लगेच रस्त्यापलीकडच्या झुडपात भिरकावून द्यायचे. समोर पडलेली दिसली की माणसाला आळस सुचतो, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या हिवाळ्यात, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आमच्या टीमने शर्यतीची गाडी बांधली. एका माणसाची, बिनछपराची, दगडधोंड्यांतून उड्या मारत पळणारी. देशभरातली कॉलेजं एका माळावर जमली होती आणि शर्यत होती सलग चार तासांची. गाडी चालवत होता माझ्या वर्गातला शौनक. मागच्या चाकांचं काम माझ्याकडे होतं.

दुसऱ्या तासाला मला कुंपणापाशी गाडीचा आवाज वेगळा वाटला. शौनक पेट्रोल घ्यायला आत येत होता, तेव्हा मी तो मोबाईलवर रेकॉर्ड केला. शौनक हेल्मेटमधून ओरडला, “मागून काहीतरी वाजतंय. डावीकडे वळलं की थांबतं.”

आमचा कप्तान कुमार म्हणाला, “चेन असेल, जाऊ दे. आपण नवव्या नंबरवर आहोत. गाडी उघडली तर वीस मिनिटं गेली.”

चेन असती तर खरंच जाऊ देता आलं असतं. पण चाकाचं काही असेल आणि ते पुढच्या उतारावर निसटलं, तर शौनक त्या दगडांत आपटणार होता. माझ्या पाचावर धारण बसली. मी कुमारकडे दोन मिनिटं मागितली, मावशींना फोन लावला आणि गाडीत शौनक आहे, आवाज मागून येतोय, डावीकडे वळलं की थांबतोय, हे सगळं सांगितलं.

मावशींनी मोबाईल मिस्त्रींच्या कानाला धरला. मी रेकॉर्डिंग वाजवलं.

“कळंना,” मिस्त्री म्हणाले.

पुन्हा वाजवलं. मागे आनंदराव कुणाला तरी “काय झालं?” विचारत होते, म्हणजे बाकडं भरलेलं होतं. मग मिस्त्री मोठ्याने बोलले. “पोरी, मला बारीक आवाज ऐकूच येत न्हाई. ती रिंग उडाली तवापास्नं. व्हिडिओ लाव. तोंड दाव.”

त्या घाईत मला फक्त एवढंच कळलं की व्हिडिओ लावायचा आहे. पडद्यावर त्यांचे डोळे दिसले. माझ्या दोन्ही बाजूंना लॅपटॉप उघडून बसलेल्या टीम होत्या. त्यांच्यामध्ये उभी राहून मी आवाज काढला. “कुर्र टक्, कुर्र टक्, कुर्रर्र टक्.” कुणीतरी फिदीफिदी हसलं.

“परत,” मिस्त्री म्हणाले. मी परत काढला. “डाव्या वळणाला थांबतो?”

“हो.”

“मग डावं मागलं चाक, वळताना त्याच्यावरचा भार हलका हुतो. नट ढिला झालाय. नवी पिन घातलीस का?”

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. आदल्या दिवशी मी बेअरिंग बदललं होतं. जुनी पिन काढली, मिस्त्रींसारखीच लांब भिरकावली, आणि नवी घालणार तोच तपासणीवाल्यांनी हाक मारली. नवी पिन खिशात तशीच होती, टोकं सरळ. दुसऱ्या कुणी आळसाने जुनीच परत घातली असती, तर नट निदान जागेवर राहिला असता. गुरूचं अर्धंच ऐकलं की असं होतं.

चाक उघडलं. नट जेमतेम दोन आट्यांवर उरला होता. कुमार त्याकडे बघतच राहिला, आणि लॅपटॉपवाले हसायचे थांबले. आम्ही एकतिसावे आलो. शौनक स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरला आणि त्याने लागोपाठ चार वडापाव खाल्ले. ते बघताना मला रडू आलं, आणि त्यानंतर कुठे मिस्त्रींचं ते ‘ऐकूच येत न्हाई’ मला खऱ्या अर्थाने ऐकू आलं.

भोरला परतले ती घाबरतच. ऐकू न येणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण देणार? गॅरेजच्या अलीकडेच मावशी भेटल्या. “बारा वर्सं मला सोडून कुनालाच ठावं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “लोकांच्या तोंडाकडं बगून, न्हाईतर इंजनाची थरथर दातांत घिऊन गाडी वळखायचे. तुजा फोन झाल्यावर मला म्हनले, धंदा गेला तर जाऊ दे, पोरगं वाचलं.”

त्या पोराला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

मी गॅरेजपाशी पोचले तर बाकड्यावर जागा नव्हती. आनंदराव उभे राहून, दोन्ही हातांनी इंजिनाची थरथर दाखवत, पूर्वीच्या दुप्पट तोंड उघडून “भुर्र फट्” करत होते. त्यांच्यामागे किकवीचा एक टेम्पोवाला ओठांची तयारी करत होता. थट्टा म्हणून इतकी वर्षं लाजत वाजवणारी माणसं आता मनापासून वाजवत होती.

मी मिस्त्रींच्या पाया पडले. आभाराचं काहीतरी बोलायला गेले, ते नीट जमलं नाही. त्यांनी आनंदरावांना बाजूला सरकवून मला बाकड्यावर बसवलं आणि स्टूल पुढे ओढलं.

“नट आवळल्यावर गाडी कशी पळाली, ते सांगितलंच न्हाईस.”

मी सांगायला लागले. त्यांनी मान हलवली. “तसं न्हाई.”

मग मी तोंडाने आमची गाडी सुरू केली, उतारावरून सोडली, दगडांवरून उडवली आणि सरळ रस्त्याला लावली, एकही टक् न करता. मिस्त्रींनी शेवटपर्यंत नजर हलवली नाही.

“परत,” ते म्हणाले. “तोंड माज्याकडं कर.”