बांबूची पट्टी आणि तिसरा जिन

चीनमधल्या शियुनिंगच्या डोंगरात जिन घराण्यातला तिसरा मुलगा जमिनी मोजायचा. मोजायला दोन पायांचं लाकडी धनुष्य असे. एक पाय मातीत रोवायचा, दुसरा फिरवून पुढे टाकायचा आणि दिवसभर असं वाकून बांधाबांधानं जायचं. चाळिशीतच त्याची कंबर गेली. घरी आला की आधी आडवा व्हायचा, मग जेवायचा.

सगळ्या मुलखाच्या फेरमोजणीचा हुकूम सुटला, त्या वर्षी कचेरीत नवं साधन आलं. लाकडी चौकटीत गुंडाळलेली, तेल पाजलेली बांबूची लांब पट्टी. एकानं टोक धरून चालायचं, दुसऱ्यानं चौकट सांभाळायची. मूठ फिरवली की पट्टी परत आत.

पहिल्या संध्याकाळी तो ताठ चालत घरी आला. बायको सुइनियांग दारातच हसली. "अहो, आज कुणाची कंबर उसनी आणलीत?" त्यानं बसून बांबूच्या कोंबांचा रस्सा दोनदा मागून घेतला.

पण धनुष्य चढावर अडखळायचं, ओढ्यापाशी थांबायचं. पलीकडचं अंदाजानं लिहीत, आणि अंदाज नेहमी कमीच धरत, म्हणजे साराही कमी बसे. पट्टी मात्र ओढ्यावरूनही ताणता यायची.

लावणीआधी मोजणी त्याच्या विधवा थोरल्या बहिणीच्या खाचरांवर आली. चौकट कचेरीच्या कारकुनाकडे होती, टोक याच्या हातात. बहीण चहा द्यायच्या निमित्तानं जवळ आली.

"तिन्या, जरा आखडून धर की रे."

"धनुष्य असतं तर जमलं असतं, अक्का. हिचं टोक बांधाच्या अलीकडे राहिलं की लगेच दिसतं."

"मग पाय घसरू दे. डोंगरात कुणाचा घसरत नाही?"

त्यानं कारकुनाकडे पाहिलं. कारकून त्याच्याचकडे बघत होता. तो बांधाच्या टोकापर्यंत गेला आणि पट्टी ताणून धरली.

जमीन दीडपट भरली, सारा तसाच वाढला. दोन सुग्या अक्कानं रेटलं, मग बियाणंही उरलं नाही. खाचरं दिराच्या स्वाधीन करून ती वरच्या मठात भांडी घासायला गेली. तिसरा जिन तिला आणायला गेला, तेव्हा ती फाटकात भाजी निवडत बसली होती.

"झाली का सगळी गावं मोजून?"

"नाही अजून. अक्का, घरी चल ना."

"जा बाबा तू. कारकून खोळंबला असेल."

टोपली उचलून ती आत गेली.

त्यानंतर तो गावात शिरला की अंगणातली बोलणी थांबायची. पाणीसुद्धा कुणी विचारत नसे. त्यानं कामातून सुटका मागितली, तर कारकून म्हणाला, "तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. आणि कमरेची सबब आता कशी सांगशील?"

हिवाळ्यात अक्का वारली. निरोप पोचला तेव्हा तो पलीकडच्या खोऱ्यात मोजणीवर होता. तो मठापर्यंत चढून गेला, तोवर तिला पुरलं होतं. ओल्या मातीपाशी तो थोडा वेळ उभा राहिला आणि खाली उतरला. खोऱ्यातली अर्धी शेतं अजून राहिली होती.