दारावरचा कागद

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पाळकसाहेब दरवर्षी एकच गोष्ट सांगत. परदेशात एक संन्यासी होता. धर्मात काय चुकतंय ते त्यानं कागदावर लिहिलं आणि तो कागद देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दारावर ठोकला. तिथून आपला पंथ निघाला. आम्ही सगळे माना डोलवायचो.

एका वर्षी त्याच रविवारी आमच्याच देवळाच्या दारावर कागद दिसला. बाभळीच्या काट्यानं टोचलेला. त्यात होतं, 'नवी बाजरी आधी प्रभूपुढे ठेवू द्या. मग आम्ही खाऊ.'

आमच्या लोकांत नवं धान्य देवापुढे ठेवल्याशिवाय तोंडात घालत नसत. बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालो तेव्हा ते सोडायला लावलं होतं. पाळकसाहेबांनी त्या दिवशी संन्याशाची गोष्ट सांगितलीच नाही. म्हणाले, "जुने देव मागल्या दारानं येताहेत. कुणी केलं ते कळेपर्यंत प्रभुभोजन बंद." म्हणजे प्रभूच्या नावानं वाटतात तो भाकरीचा तुकडा कुणालाच मिळणार नव्हता.

अक्षर बाईचं होतं. लिहिता येणाऱ्या बाया तीनच, त्यातली एक माझी बायको. बाहेर आल्यावर शेजारी म्हणाला, "काय भाऊ, तुन्हा घरमा तं शाळाच शे ना!" लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या वर्षी मला मंडळीचा पंच करायचं घाटत होतं.

घरी येऊन तिची वही काढली. मधलं एक पान फाडलेलं. ती भाकरी थापत होती, आई चुलीपाशी खोकत बसलेली.

"कागद तूच लिखा ना?"

"तुम्हले ठाऊक शे, मंग इचारतस कसाले?"

हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. आठवडाभर मी तिच्यावर नजर ठेवली. पाण्याला गेली तरी लांबून बघायचो, विहिरीवर कुणाशी बोलते, काय बोलते. आईशी कुजबुजताना दिसली की मी तिला काहीतरी काम सांगून उठवायचो. म्हातारीलाही बिघडवतेय, असं वाटायचं.

पुढच्या रविवारी देवळात मी उभा राहिलो. "माझ्या बायकोनं लावला."

तिला पुढं बोलावलं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. आईकडे पाहिलं, आणि "हो" म्हणाली. ईस्टरपर्यंत तिचं प्रभुभोजन बंद, बाकीच्यांचं सुरू. भाकरीचा तुकडा आईच्या हातावर आला, मग माझ्या. ती मागं बसलेली होती. मी तुकडा खाल्ला.

नाताळाच्या आधी आई गेली. जाताना म्हणाली, "कागद मन्हा व्हता रे. तिनी फक्त लिखा. त्या संन्यासीना रविवारले ज्याले जे म्हननं शे ते दारवर लावनं ऱ्हास, असं मले वाटनं."

मी बायकोला विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस?

"म्हातारी ईस्टरलोंग जगती का? तिन्हं प्रभुभोजन जातं." मग ताट उचलता उचलता म्हणाली, "आनि तुम्हले पंच व्हनं व्हतं."

पंच झालो. माफी मागितली नाही. तीही पुन्हा त्यावर बोलली नाही, पण वही मात्र माझ्या हाताला लागेल अशी कधी ठेवली नाही.

यंदा उन्हाळ्यात बायकोही वारली. शेतात बाजरी झाली आहे. कणसं घरात आणून ठेवलीत. अजून एक दाणा तोंडात घातलेला नाही. रविवारी ती कणसं देवळात प्रभूपुढे ठेवायला नेणार आहे. पाळकसाहेबांना काय म्हणायचं ते म्हणू देत.