फळीवाले सर

फळीवाले सर कधी खुर्चीत टेकलेले मला आठवत नाहीत. लातूरच्या एका क्लासमध्ये ते प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी इंग्रजी. वर्गात ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत शिकवत. फळ्यावरची एक आकृती पूर्ण व्हायला त्यांना तीन फेऱ्या लागत. आम्ही दोघे एकाच खोलीत भाड्याने राहत होतो. संध्याकाळी मी पेपर तपासायला बसलो की दारापासून खिडकीपर्यंत यांच्या येरझाऱ्या सुरू. एकदा मी वैतागून म्हणालो, जरा बसा हो. तेव्हा थांबले आणि म्हणाले, "बसलो की वाटतंय, कुठं तरी काही तरी घडून राहिलं, अन् आपण इथं बसून राहिलो."

नाव पोरांनी ठेवलेलं. सर नांदेडच्या जुन्या मोहल्ल्यातले. पिढ्यान्‌पिढ्या सुतारकाम करणारं मुसलमान घर. थोरले भाऊ अजून दुकान चालवत. सर त्यांना भाईजान म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्या दुकानातून सरांनी वीतभर लांबीच्या, एकाच मापाच्या फळ्या कापून आणल्या, भोक पाडून दोऱ्या बांधल्या आणि होस्टेलच्या पाण्याच्या टाकीत सोडून दिल्या. टाकी धुणाऱ्याला त्या सापडल्या आणि क्लासच्या मालकांनी सरांना बोलावून घेतलं. फळीला काय काय चिकटतं ते पोरांना दाखवायचं होतं, असं सरांनी सांगितलं. हे परीक्षेत येतं का, मालकांनी विचारलं. येत नाही म्हटल्यावर विषय संपला. फळ्या मग गावाबाहेरच्या एका विहिरीत गेल्या, आणि दर रविवारी पाच-सात पोरं हौसेने त्या बघायला सरांबरोबर जाऊ लागली.

क्लासमध्ये येण्याआधी सर समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेत हंगामी नोकरीला होते. गोदीत फळ्या टांगायच्या, काही दिवसांनी वर काढायच्या आणि त्यांना चिकटलेला एकेक जीव मोजायचा, हे त्यांचं काम. जहाजांच्या बुडाला चिकटून शिंपल्या, शेवाळ, किडे एका देशातून दुसऱ्या देशात जातात. नव्या पाण्यात त्यांना खाणारं कोणी नसलं की तिथल्या मूळच्या जिवांना जागा उरत नाही. म्हणून बऱ्याच देशांनी मिळून ठरवलं होतं, की सगळ्यांनी सारख्याच मापाची फळी सारख्याच पद्धतीने टांगायची आणि काय दिसलं ते एकमेकांना कळवायचं. सरांना याचं केवढं अप्रूप. "माझी फळी अन् ब्राझीलच्या बाईंची फळी एक मापाची," असं ते कुणालाही सांगत, अगदी चहावाल्यालासुद्धा. ब्राझीलच्या या बाई नदीतल्या शिंपल्यांवर काम करायच्या. दोघांची भेट कधी झाली नव्हती. ते काम संपलं, सरांची नोकरी गेली, तरी बाईंशी ई-मेल चालू राहिला. सरांचं इंग्रजी मी चौकातल्या सायबर कॅफेत बसून नीट करून द्यायचो.

मी मात्र असल्या धडपडीपासून चार हात लांब राहणारा. माझं गाव भूकंपात गेलं. आईवडील वाचले, धाकटी बहीण गेली. त्यानंतर आयुष्यात काही हलू नये, एवढंच मला हवं होतं. सर तेव्हा कॉलेजात होते आणि आमच्या भागात मातीखालची माणसं काढायला आले होते. हे मला फार उशिरा कळलं, तेही ओघात. तेव्हा म्हणाले, "तुमच्याकडं दुनियेतनं माणसं आली सर, पण धक्का बसल्यावर. आम्ही धक्क्याच्या आधी जाऊ म्हणतो, तर दारात कोणी उभं करत न्हाई."

एका वर्षी परीक्षा तोंडावर आली होती, सकाळ-संध्याकाळ उजळणीच्या बॅचेस होत्या. अशात घरमालकांच्या फोनवर भाईजानचा फोन आला. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या जलाशयात लोकांना फिरवायला एका ठेकेदाराने कोकणातल्या कुठल्याशा बंदरातून जुनी बोट ट्रकवर घालून आणली होती, आणि तिला बाकडी बसवायचं काम भाईजानकडे होतं. बोलता बोलता ते म्हणाले, बोटीच्या बुडाला बारक्या शिंपल्यांचा थर आहे. फोन ठेवून सर खोलीत आले आणि पिशवी भरू लागले. उद्या दोन बॅच आहेत, मी आठवण करून दिली. "हाव," म्हणाले, आणि अहमदपूरमार्गे जाणारी नांदेडची एसटी पकडायला निघून गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आले ते मला थेट सायबर कॅफेतच घेऊन गेले. गोदीतल्या फळ्यांवर त्यांनी हजारदा मोजलेली, काळ्या पट्ट्यांची शिंपली होती ती. मूळची अमेरिकेकडची, जहाजांबरोबर आपल्या बंदरांत आलेली. एवढ्या प्रवासानंतरही ताडपत्रीखाली ती ओली होती, जिवंत होती. गोड्या पाण्यात ती जगेल का, मी विचारलं.

"ठाऊक न्हाई. ठाऊक न्हाई म्हणूनच सोडू नये."

ठेकेदाराने त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेलं होतं. रविवारी पुढाऱ्यांच्या हस्ते बोट पाण्यात उतरायची होती. आम्ही बाईंना लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बाईंनी स्वतःहून ऑस्ट्रेलियातल्या एका माणसालाही विचारलं होतं. दोघांचं म्हणणं एकच: बोट पाण्याला लावू नका, उन्हात वाळवा, खाली ताडपत्री अंथरून खरवडा, निघालेलं सगळं पाण्यापासून लांब पुरा. सोबत एक फोटो होता, वीजघराच्या पाण्याच्या पाइपचा. आत शिंपल्या इतक्या दाटल्या होत्या की मूठही जाऊ नये. सरांनी त्याची रंगीत प्रत काढली आणि पुन्हा नांदेड गाठलं.

शुक्रवारी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, सर कुठे आहेत. आजारी आहेत म्हणून सांगा, असं सर म्हणाले नव्हते; पण तेवढं मला सुचायला हवं होतं. मला माझी नोकरी दिसत होती. मी सांगून टाकलं, विष्णुपुरीला बोटीच्या शिंपल्या काढत आहेत. त्याच दिवशी सरांच्या बॅचेस दुसऱ्या शिक्षकाकडे गेल्या.

शनिवारी मी विष्णुपुरीला गेलो. जे केलं ते तोंडाने सांगावं, एवढंच मनात होतं. काठावर लाकडी ओंडक्यांवर बोट चढवलेली. सर तिच्याखाली उताणे पडून पटाशीने खरवडत होते, अंगावर चुरा पडत होता. शेजारी भाईजान आणि त्यांचे दोन कारागीर. लिंबाखाली ठेकेदार तोंड पाडून बसला होता. फोटोचा त्याच्यावर काहीच परिणाम झाला नव्हता. भाईजान मात्र शांतपणे म्हणाले होते, "बूड साफ झाल्याबिगर मी बाकडी बसवत न्हाई." ऐनवेळी दुसरा सुतार मिळेना, म्हणून उद्घाटन पंधरा दिवस पुढे गेलं.

मी सरांना सगळं सांगितलं. ते बोटीखालून बाहेर आले आणि बाहीने तोंड पुसलं. "खरं तेच सांगितलं ना तुम्ही," म्हणाले. मग पटाशी माझ्या हातात दिली. "ती डावी बाजू राहिलीय." दिवस मावळेपर्यंत मी खरवडत होतो. नखं सोलली, मान धरली, पण तिथून उठावंसं वाटलं नाही.

पुढे उन्हात वाळून बोट पाण्यात उतरली. सरांनी बाटलीत भरून पाठवलेल्या शिंपल्या बाईंनी तपासल्या. ओळख बरोबर होती. मात्र ती आपल्या धरणात टिकली असती की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही, असं त्यांनी लिहिलं. ठेकेदार गावभर सांगत फिरला की एका येड्या मास्तराने पंधरा दिवस वाया घालवले. सर हसायचे. मला मात्र ते फार लागलं.

काही महिन्यांनी बाईंच्याच शब्दावर सरांना आफ्रिकेतल्या एका बंदरात काम मिळालं. चार-पाच देशांची माणसं मिळून तिथे येणाऱ्या जहाजांची बुडं तपासत. नांदेड स्टेशनवर मी आणि भाईजान पोचवायला गेलो. गाडी हलल्यावरच सर डब्यात चढले. दारातून म्हणाले, "दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की विष्णुपुरीच्या काठानं एक चक्कर मारा. काही न्हाई दिसलं तरी कळवा."

मी दर मे महिन्यात गेलो. काठाकाठाने चाललो, दगड उलटले, आणि दरवर्षी लिहिलं: काही आढळलं नाही. उत्तर यायचं, "मिळालं. शुक्रिया." एके वर्षी मार्चमध्ये भाईजानचा फोन आला. तापाचं निमित्त होऊन सर गेले होते, मातीही तिकडेच झाली होती. त्या मे महिन्यात घरातून पाय निघत नव्हता. तरी भाईजानना घेऊन गेलो. ते आता थकले होते, काठावर बसून राहिले. मी दगड उलटत पार पुढच्या वळणापर्यंत जाऊन आलो. काही नव्हतं.

घरी येऊन ओळ लिहिली आणि लक्षात आलं, पाठवायची कुणाला? शेवटी ब्राझीलच्या बाईंना पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. तुमची टिपणं ते दरवर्षी माझ्याकडे पाठवत होते, सगळी आमच्या तक्त्यात आहेत, असं लिहून त्यांनी तक्ताही जोडला होता. कुठल्या कुठल्या देशांतली बंदरं, नद्या, आणि मध्येच विष्णुपुरी, गोदावरी. निरीक्षक म्हणून सरांनी पहिल्या वर्षापासून माझंच नाव घातलं होतं. खाली बाईंनी विचारलं होतं, पुढच्या वर्षी पाठवाल ना?

पाठवतो, मी लिहिलं.