आठ किलोंचं भाडं

निपाणीत हायवेच्या चहाटपरीवर एक ट्रान्सपोर्ट एजंट मला रोज भेटतात. धंदा ट्रकला भाडं मिळवून देण्याचा, म्हणजे माल एकाचा, गाडी दुसऱ्याची आणि फोन यांचा. काहीही दिसलं की ते आधी टनात तोलतात. आमच्या घरच्या लग्नात जेवणाच्या पंगतीकडे बघून मला म्हणाले, "तीन टन भरतील, अण्णा."

तंबाखूच्या भाड्यांवर आता सगळेच एजंट तुटून पडतात, म्हणून यांनी नवं गिऱ्हाईक शोधलं. बेळगावजवळ पिरनवाडीला एका बंद शेडमध्ये जांभळ्या दिव्यांखाली, मातीशिवाय, रॅकवर रॅक रचून परदेशी पालेभाजी पिकवतात. मालक एसीत बसून शेती करतो. यांनी जाऊन विचारलं, "माल किती टन?"

"रोज आठ किलो. कोल्हापूरच्या हॉटेलात जातो."

यांनी डायरीत नुसता आठ लिहिला. "थंडगार गाडी लावतो, सायेब. आपलं नेटवर्क लई मोठं हाय."

परवा बेळगावहून परतताना बसमध्ये माझ्या शेजारी हेच. मांडीवर थर्माकोलची पेटी, तिच्यावर ओला पंचा, आणि खिडकीतलं ऊन पेटीवर पडू नये म्हणून स्वतः वाकडे होऊन बसलेले. निपाणीला मी उतरायला उठलो, त्यांना अजून कोल्हापूर गाठायचं होतं. तेवढ्यात मालकाचा फोन आला.

"गाडी आत्ताच घाट उतरली, सायेब. ड्रायव्हर? लई भरवशाचा. बेळगाव सोडल्यापासनं पेटी मांडीवरनं खाली ठेवली न्हाय त्यानं."