बंगलोरला दिलेली हाळी

आमच्या मळ्यात आवाज अंतरावर ठरायचा. घर एका टोकाला, विहीर दुसऱ्या टोकाला आणि मध्ये शेवंतीचे वाफे. चहा झाला की आई ओट्यावरून हाळी द्यायची आणि वडील विहिरीवरूनच ओ द्यायचे. पलीकडच्या मळ्यातल्या चुलतीशी आईच्या गप्पा ओढ्यावरून चालायच्या. भाजी काय केली इथपासून चुलतीची सून कशी वागते इथपर्यंत. सूनही ते सगळं ऐकायची. घरात हळू बोलायची वेळ क्वचितच यायची. कोणी फार आजारी असलं तर, नाहीतर कोणाला स्थळ आलं असलं तर.

या घरातली मी पहिली बी.ए. हे मी अजूनही सांगते, आणि कोणी विचारायची वाट बघत नाही. तेव्हा मोबाईल नुकते गावात आले होते आणि नाशिकच्या एका कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायला मुली हव्या होत्या, इंग्रजी बोलणाऱ्या. ती नोकरी मला हवी होती. महिन्याचा पगार ही गोष्ट आमच्या घरात तोवर कोणी पाहिलीच नव्हती. कॉलेज रोडवरच्या एका इंग्रजी संभाषणाच्या क्लासमधून कंपनी मुलं घ्यायची, म्हणून मी तिथे नाव घातलं आणि सायखेड्याहून एस.टी.ने जाऊ लागले.

क्लासमध्ये फळ्यापेक्षा कॉम्प्युटरचं महत्त्व जास्त होतं. प्लायवूडचे आडोसे, प्रत्येक आडोशात एक कॉम्प्युटर आणि माईकवाला हेडफोन. सरांनी पहिल्याच दिवशी समजावलं, "प्रश्न स्क्रीनवर येईल. तुम्ही इथे बोलायचं. तुमचा आवाज इंटरनेटवरून बंगलोरच्या मॅडमकडे जाणार. त्या ऐकून उत्तर पाठवतील, तेही बोलून. शेवटच्या परीक्षेत त्यांनी पास केलं, तरच कंपनीकडे नाव."

मला सगळं समजलं. त्यातलं बंगलोर जरा जास्तच समजलं. ओढ्यापलीकडे ऐकू जायला किती आवाज लागतो ते मला ठाऊक होतं. बंगलोरचा हिशेब मी त्यावरून केला. शिवाय कानांवर हेडफोन, त्यामुळे माझा आवाज मलाच कमी वाटत होता. मी ताठ बसले, छातीत दम भरला आणि 'माय फादर ग्रोज फ्लॉवर्स' म्हणाले. खालचा झेरॉक्सवाला दुकानातून बाहेर येऊन वर बघायला लागला.

सर आडोशावरून वाकून म्हणाले, "ताई, मॅडमकडे इंटरनेट आहे. तुम्ही त्याच्याशिवाय पोचवायला बघू नका."

मॅडमचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये नुसती खरखर आहे, शब्द कळत नाहीत, पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवलं, पुन्हा खरखर. माझ्या शेजारच्या आडोशात गंगापूर रोडच्या फ्लॅटमधली एक मुलगी बसायची. ती इतकं हळू बोलायची की माईकलाही पुढे वाकावंसं वाटलं असतं. तिला मात्र कौतुक आलं. तुमच्या वडिलांच्या फुलशेतीबद्दल फार छान सांगितलंत.

"माझे पप्पा बँकेत आहेत," ती मला म्हणाली. "आता त्यांना बाल्कनीत शेवंती लावायला सांगते."

माझी प्रगती अशी शेजारच्या माईकमधून दुसऱ्याच्या नावावर जमा होत होती आणि परीक्षा जवळ आली होती. शेवटी त्याच मुलीने मला हाताशी धरलं. "मॅडम बंगलोरला नाहीत," ती म्हणाली. "त्या या माईकच्या टोकावरच्या स्पंजच्या बोंडात बसल्यात असं समज. त्यांच्या कानात सांग."

मी घरी सराव सुरू केला. संध्याकाळी चुलीपाशी बसून भिंतीशी हळू आवाजात इंग्रजी. आईचा हात परातीतच थांबला.

"काय झालं गं? कोणी काय बोललं का?"

"काय नाय. इंग्रजी बोलतेय."

"मग लपून का बोलतीस? चोरीचं हाय का?"

वडील दारातून म्हणाले, "घसा बसला असंल. हळदीचं दूध दे तिला."

मी हळूच बोलत राहिले आणि दूधही पीत राहिले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओढ्यापलीकडून चुलतीची हाळी आली. "काय वो, घरात हळू बोलत्यात म्हणं. पोरीला स्थळ आलं का?"

"इंग्रजी हाय ते," आईने इकडून उत्तर दिलं. "स्थळ नाय."

ओढ्याकाठच्या सगळ्या मळ्यांना एकदमच खुलासा झाला.

परीक्षेच्या दिवशी विषय आला, तुमच्या घरातली सकाळ. मी डोळे मिटले, मॅडमना बोंडात बसवलं आणि त्यांच्या कानात सांगितलं. दिवस उगवायच्या आत फुलं कशी तोडतो, दव कसं हाताला लागतं, आई कुठून हाक मारते. आवाज वर चढायला लागला की शेजारची मुलगी प्लायवूडवर टकटक करायची. मग लोडशेडिंगची वेळ व्हायच्या आत रेकॉर्डिंग जातंय का, म्हणून आम्ही सगळे स्क्रीनवरची सरकती पट्टी बघत उभे राहिलो. गेलं एकदाचं.

मॅडमचं उत्तर सरांनी सगळ्यांसमोर स्पीकरवर लावलं. पास. बोलणं स्वच्छ आहे, सांगण्यात जीव आहे. फक्त यापुढे थोडं मोठ्याने बोलत जा.

सरांनी चष्मा काढून पुसला. "हे मी खालच्या झेरॉक्सवाल्याला सांगितलं," ते म्हणाले, "तर तो आजच दुकान हलवेल."

नोकरी लागली. पहिल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी मोठ्या ऐटीत वडिलांच्या मोबाईलवर फोन लावला. तो आईने उचलला.

"पोचली का गं?"

आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. मी फोन कानापासून वीतभर लांब धरला. "आई, हळू बोल. ऐकू येतंय मला."

"तू नाशिकात, मी हितं मळ्यात. हळू कसं पोचंल? डबा खाल्ला का?"

मी तिला माईकचं बोंड समजावून सांगणार होते. इंटरनेट, बंगलोर, सगळं. पण शेजारच्या टेबलावरच्याने तोवर डबा खाल्ल्याचं माझ्या वतीने मान हलवून सांगितलं होतं, आणि ते काही तिला दिसणार नव्हतं. मी खुर्ची मागे सारून उभी राहिले, छातीत दम भरला आणि ओढ्यापलीकडे पोचेल असं सांगितलं, "खाल्ला गं आई."

"आत्ता कसं," आई म्हणाली. "आत्ता आलं ऐकू."